‘वजन रिकामे असल्यास दहा’ ही ओळ शोधू देण्याबाबत

दिनांक : १४, गुरुवार, सकाळी साडेनऊ

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शोध व पाहणी विभाग,
सार्वजनिक सॉफ्टवेअर संग्रह

विषय : पॅकेजांच्या आत शोधण्याची बंद केलेली सोय अर्जदाराच्या खात्यास तातडीने पुन्हा सुरू करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या मदतकक्षाचे दि. १२ चे उत्तर, ‘आपण माणूस असल्याची खात्री पटत नाही.’
२) मदतकक्षाचेच दि. १३ चे उत्तर, ‘अर्ज केल्यास एकवीस दिवसांत विचार होईल.’

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार, वय वर्षे बासष्ट, निवृत्त प्रोग्रामर, आपल्या संग्रहात ‘डुलकी’ या नावाने नोंदलेला आहे. जेवणानंतर खुर्चीतच त्याचा डोळा लागत असे म्हणून ऑफिसातल्यांनी हे नाव ठेवले होते, तेच त्याने खात्याला दिले. तो सविनय कळवतो की तो घाबरलेला आहे. अर्जात असे लिहीत नाहीत हे त्यास ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या परिच्छेदापर्यंत अर्ज कोणी वाचत नाही, नोकरीत असताना त्यानेही वाचलेले नाहीत, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकली.

१. अर्जदाराची नात नऊ दिवसांपूर्वी, सातव्या महिन्यातच, जन्मली. आज तिचे वजन एक किलो सातशे चाळीस ग्रॅम आहे. ती इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे आणि तिचे औषध एका लहानशा पंपातून थेंबाथेंबाने जाते. किती वेगाने जायचे ते पंप बाळाच्या वजनावरून ठरवतो. सोमवारी भेटीच्या वेळी सिस्टरने औषध बदलले, तेव्हा पंपाच्या पडद्यावर क्षणभर अक्षरे उमटली : ‘जरा दम धरा, मोजतोय.’

२. महोदय, हे वाक्य अर्जदाराचे आहे. अकरा वर्षांपूर्वी त्याने ‘थेंबमाप’ नावाचे पॅकेज, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा तयार तुकडा, लिहून आपल्या संग्रहात ठेवले, त्यात गंमत म्हणून हे वाक्य घातले होते. आपले काम नातीच्या उशाशी पाहून त्याची छाती दोन बोटे फुगली हे तो नाकारत नाही. ती जिना उतरेपर्यंत फुगलेली राहिली. खालच्या पायरीवर त्याला दुसरी एक ओळ आठवली आणि तो तिथेच कठडा धरून बसला. एका बाईने त्याला पाणी आणून दिले.

३. ती दुसरी ओळ अशी : वजन रिकामे असल्यास दहा. पॅकेज तपासताना दरवेळी वजन भरण्याचा अर्जदारास कंटाळा येई. म्हणून वजन भरले नसेल तर दहा किलो धरावे, असे त्याने तात्पुरते लिहिले आणि ते काढायला विसरला. पाच आठवड्यांनी लक्षात आले. त्याने ओळ बदलली, वजन नसेल तर यंत्र सुरूच होऊ नये असे केले आणि दुसरी आवृत्ती संग्रहात चढवली. नव्या आवृत्तीसोबत काय बदलले ते लिहावे लागते. त्या चौकटीत त्याने लाजेपोटी दोन शब्द लिहिले, ‘किरकोळ सुधारणा’. किरकोळ म्हटल्यावर जुनी फाइल बदलण्याचे कष्ट कोण घेईल? अर्जदारानेही घेतले नसते.

४. पंपात पहिली आवृत्ती आहे की दुसरी, हे पडद्यावरून कळत नाही, कारण ‘जरा दम धरा’ दोन्हींत आहे. पंपाच्या माहितीपानावर त्यात वापरलेल्या एक्केचाळीस पॅकेजांची यादी आहे. तीत ‘थेंबमाप’ नाही. म्हणजे कोणीतरी अर्जदाराची फाइल उचलून आपल्या पॅकेजच्या पोटात ठेवली आहे. आमच्या धंद्यात हे सर्रास चालते आणि यादीत कधी दिसत नाही. पॅकेज उघडून आत पाहावे तेव्हाच दिसते. तसे उघडून पाहण्याची आणि आतली ओळ शोधण्याची सोय जगात आपल्या संग्रहाखेरीज कोणी ठेवलेली नाही, निदान अर्जदाराला तरी सापडलेली नाही.

५. मंगळवारी सकाळपासून अर्जदाराने ती सोय वापरली. ती ओळ एकेका पॅकेजात शोधली. कोणी शब्द इकडचे तिकडे केले असतील या भीतीने फायलीही एकेक करून उघडल्या. एक्केचाळीसपैकी सव्वीस पॅकेजे पाहून झाली, त्यांत काही नाही. दुपारी बाराच्या सुमारास खाते बंद झाले. एका सकाळी सहाशे फायली माणूस उघडत नाही, सबब आपण यंत्र आहात, असा संदेश आला. माणूस असल्याचे सिद्ध करण्यासाठी पुलांची चित्रे निवडायला सांगितली. त्याने दोनदा बोटीवर बोट ठेवले आणि तो नापास झाला.

६. मदतकक्षाने नंतर कळवले की पॅकेजच्या मालकास शोध लगेच उघडून देता येतो, त्याने नोंदवलेल्या पत्त्यावरून ईमेल करावी. तो पत्ता अर्जदाराच्या जुन्या ऑफिसचा आहे. ते ऑफिस चार वर्षांपूर्वी बंद पडले, आता तिथे चष्म्याचे दुकान आहे. म्हणजे अर्जदार माणूस नाही, आणि असलाच तर तो स्वतः नाही. आपल्या कर्मचाऱ्यांचा यात दोष नाही. नियम चांगलेच आहेत, अर्जदाराने उभ्या जन्मात असलेच नियम लिहिले.

७. आपण विचाराल, इस्पितळात का सांगितले नाही? सांगितले. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला बुधवारी गाठले. तो भला माणूस आहे. म्हणाला, “काका, कंपनीचं सील आहे, मी हात लावला तर माझी नोकरी जाईल. तुमच्याकडे काही लेखी असेल तर आणा, मग मी वरच्यांशी भांडतो.” ते लेखी आपल्याकडे, उरलेल्या पंधरा पॅकेजांपैकी एकात आहे. सिस्टरला अर्जदाराने आडून विचारले की वजन भरायचे राहिले तर काय होते? ती हसून म्हणाली, “आजोबा, राहिलं तर ते सुरूच होत नाही. उगाच घोर लावून घेऊ नका.” तिचा त्या यंत्रावर विश्वास आहे. अर्जदाराचा नाही, कारण ते त्याने लिहिले आहे.

८. उद्या, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता बाळाला शेजारच्या खोलीत हलवणार आहेत. त्या वेळी पंप बंद करून पुन्हा सुरू करतील आणि वजनाचा रकाना रिकामा असेल. सिस्टर भरेलच. पण त्याच मिनिटाला पलीकडचे बाळ रडले, फोन वाजला, कोणी हाक मारली, तर? पहिली आवृत्ती असेल तर तिच्या अंगात जवळजवळ सहापट औषध जाईल. अर्जदाराने हा भागाकार पाच वेळा केला. उत्तर बदलत नाही.

९. अर्जदाराच्या मुलीला, म्हणजे बाळाच्या आईला, यातले काही माहीत नाही. काल ती म्हणाली, “बाबा, तुम्ही बाळाकडे बघतच नाही, त्या यंत्राकडेच काय बघत बसता?” त्यावर अर्जदार म्हणाला की नवीन मॉडेल आहे, म्हणून पाहतो. हे त्याचे खोटे आहे आणि ते या अर्जात नोंदवून ठेवावे.

तरी विनंती की, उद्या अकराच्या आत खात्याची शोधसोय एका तासासाठी उघडून द्यावी. ते नियमात बसत नसेल तर आपल्या कोणा कर्मचाऱ्याने सोबतच्या यादीतील पंधरा पॅकेजांत ही एक ओळ शोधावी व असल्यास ‘आहे’ एवढेच कळवावे. अर्जदार माणूस असल्याचा दाखला नंतर कधीही सादर करेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही) डुलकी

सोबत : १) पंपाच्या माहितीपानाचा फोटो. २) न पाहिलेल्या पंधरा पॅकेजांची यादी. ३) ‘किरकोळ सुधारणा’ या नोंदीची प्रत. ४) इस्पितळाचा भेटीचा पास, ज्यावर अर्जदाराचा फोटो आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, सायंकाळी पाच

महोदय,

सकाळचा अर्ज पाठवताना त्याची प्रत अर्जदाराच्या हातून इस्पितळातल्या मुलीच्या पलंगावर राहिली. ती तिने वाचली. चुकून राहिली असे अर्जदार दुपारपर्यंत स्वतःला सांगत होता. आता तसे म्हणवत नाही.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. नऊ दिवसांची बाळंतीण भिंतीला धरून उठली, बापाचा हात धरला आणि सिस्टरसमोर नेऊन उभे केले. म्हणाली, “मला सांगितलंत ते यांना सांगा.” खरे तर त्याने तिला काही सांगितले नव्हते, पण तिने त्याची तेवढी अब्रू राखली. अर्जदाराने सगळे सांगितले, दोन शब्दांच्या नोंदीसकट. सिस्टरने कपाटातून तसलाच शिलकीतला पंप काढला, त्यात पाणी भरले, नळीचे टोक रिकाम्या वाटीत सोडले, वजनाचा रकाना तसाच ठेवला आणि सुरूचे बटण दाबले.

पंप सुरू झाला. पडद्यावर आधी ‘जरा दम धरा, मोजतोय’ आले, मग कोपऱ्यात दहा किलो. वाटीत थेंब पडू लागले.

सहाशे फायली उघडण्यापेक्षा हे एक बटण दाबायला सांगणे सोपे होते. अर्जदाराने ते सांगितले नाही, कारण फायली एकट्याने उघडता येतात आणि बटण कोणासमोर तरी दाबावे लागते. हे त्याला आज कळले.

नातीचा पंप काढला आहे. तिचे औषध आता सिस्टर घड्याळ लावून हाताने मोजून देतात. खोलीतल्या बाकीच्या अकरा पेट्यांवर वजनाच्या चिठ्ठ्या डकवल्या आहेत आणि पंप सुरू करताना दोघी सिस्टरनी मिळून पाहावे असे ठरले आहे. तंत्रज्ञ त्या वाटीचा फोटो घेऊन वरच्यांकडे गेला आहे.

मात्र सकाळचा अर्ज मागे घेतलेला नाही, विनंती फक्त बदलली आहे. ती ओळ पंधरा पॅकेजांत नव्हे, संपूर्ण संग्रहात शोधावी. ज्यांच्या ज्यांच्या पॅकेजात ती निघेल त्या सर्वांना अर्जदाराच्या नावानिशी कळवावे. जुनी नोंद बदलता येत नाही हा आपला नियम त्यास मान्य आहे. तिच्याखाली, खोडता येणार नाही अशा अक्षरांत, एवढे जोडावे : ही सुधारणा किरकोळ नव्हती, लिहिणाऱ्यास लाज वाटली.

पंप बंद करताना सिस्टरने विचारले, “आजोबा, ही अशी यंत्रं आणखी कुठे कुठे असतील हो?” त्यावर अर्जदाराने ही पुरवणी लिहायला घेतली. त्याला एकाच बाळाचे वजन ठाऊक आहे.

(सही) डुलकी