खंडोबापुढचं समन्स

९ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टाचं समन्स देवघरात सापडलं!

देव पुसायला घेतले, तर लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात एक जाड कागद. चारही कोपऱ्यांना हळदी-कुंकू. उघडून पाहते तर माझं नाव — क्रेडिट कार्डांच्या थकबाकीसाठी बँकेनं दावा लावलाय. महिन्याच्या आत म्हणणं मांडा, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त महिना खंडोबापुढे गेला!

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "लई सभ्य माणूस व्हता. बोल्ला, बाईंना तारखेला यायचंय. म्या म्हणलं कुणाचं तरी लगीन आसंल. अंगठा दिला, चहा पाजला."

बेलिफाला चहा! हसावं की रडावं? आधी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले.

सायलीच्या लग्नाच्या याद्या बावीस तारखेला. वेरूळची माणसं मानाची. कोर्टाचं नाव कानावर गेलं तर सुपारी परत येईल. पोरीला काय तोंड दाखवू?

१० फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "माझ्या पाठीपायीच झालं ना हे."

व्हय, पाठीपायीच! शेंद्र्याला कंपनीत पाठीवर लोखंड पडलं, ऑपरेशनला दोन्ही कार्डं घासली. मी करते त्या जेवणाच्या डब्यांच्या कमाईतून जमलं तोवर फेडलं, मग व्याजाच्या मागं पळणं झेपेना. पण आज हे स्वतःच्या पायानं दळण आणतात. त्या कार्डांना शिव्या द्यायला माझी जीभ उचलत नाही. देणं आहेच, नाही कोण म्हणतंय?

१२ फेब्रुवारी

कोर्टात गेले. दारावरच्या शिपाईमामांनीच सांगितलं, विधी सेवेत जा, बायकांना वकील फुकट मिळतो. खरंच मिळाली! निशा वकील, सायलीहून चार वर्षांनीच मोठी असेल. समन्स हातात घेतलं, बोटाला कुंकू लागलं.

"काकू, इतक्या मानानं ठेवलेलं समन्स मी पहिल्यांदाच बघतेय."

मी शरमेनं मेले, ती मात्र पोट धरून हसली. मग नीट समजावलं. घेतलं तेवढं कबूल करायचं, भरलेलं दाखवायचं, वर चढवलेला दंड आणि न मागितलेला विमा नाकारायचा. "गप्प बसलात तर कोर्ट बँकेचंच ऐकणार. बोलायचं!"

एवढ्या दिवसांत वसुलीवाले सोडून माझ्याशी या विषयावर कोणी सरळ बोललं नव्हतं. देवा, त्या पोरीचं भलं कर.

१३ फेब्रुवारी

पावत्या सापडल्या! ह्यांनी दवाखान्याच्या फाईलीत एकूणएक लावून ठेवल्या होत्या. मी उगाच त्यांना पसाऱ्यावरून बोलायची.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. घृष्णेश्वराला इथूनच हात जोडले. विहीणबाईंचं हॉटेल देवळाच्या रस्त्यावरच, आज त्यांना उसंत नसेल. बरं झालं, फोन येणार नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही — पटकन बोलून बसायचे.

१७ फेब्रुवारी

म्हणणं दाखल झालं! मुदतीच्या आत! पुढची तारीख १० मार्च. निशा म्हणाली, बँक हप्त्यांवर तडजोड करेल असं दिसतंय. पैसे घेईना म्हणून डबा नेला होता — भाकरी, ठेचा, मेथीची भाजी. तिथंच बाकावर बसून खाल्ला. लेकरू सकाळपासून उपाशी होतं.

परत येताना क्रांती चौकात उतरून हिरव्या बांगड्या भरल्या. उगाच. जीव हलका झाला म्हणून.

२२ फेब्रुवारी, रविवार

याद्या झाल्या. आणि सगळं संपलं, असं वाटतंय.

पुरुष मंडळी बैठकीत मानपान लिहीत होती. विहीणबाई म्हणाल्या, आधी देवाला हळदी-कुंकू वाहते. मी पुरणपोळी तव्यावर सोडून धावले, तोवर त्या देवघरात वाकलेल्या. खंडोबापुढे समन्स! मी कपाटात ठेवलेलं, सासूबाईंनी पुन्हा काढलेलं. नंतर म्हणतात, "देवानंच काम केलं, मंग त्याच्याच म्होरं नको व्हय?"

विहीणबाईंनी कागद वाचला. पूर्ण. परत होता तसा ठेवला. बाहेर येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. निघताना माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाल्या, "फोन करते."

सायली आत गाणं म्हणत भांडी आवरतेय. मला ते ऐकवत नाही.

२३ फेब्रुवारी

फोन नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आला! हॉटेलच्या मागून, हळू आवाजात — "दीपमालाताई, तुमच्या वकीलबाई कुठं बसत्यात? मलाबी तसलंच आलंय. पिठाच्या डब्यात दडवलंय, आमच्या ह्यांना ठाव नाय. लगीन मोडाल म्हणून तुम्हांलाच भ्याले व्हते."

१० मार्चला आम्ही दोघी विहिणी सोबत जाणार. डबा दोघींचा मी नेते.