आमेनच्या आधी

भोर,
२१ नोव्हेंबर २००३

प्रिय इंद्रजित,

सलाम. पाकीट जाड दिसतंय म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, मी ठणठणीत आहे, आणि कसल्या कागदावर तुझी सहीही नको आहे. वापीचा पत्ता तुझ्या नाताळच्या कार्डांवरून घेतला. सहा वर्षांत सहा कार्डं आली. छापील शुभेच्छा, खाली तुझं नाव, बाकी कोरं. ती सगळी मम्मीच्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहेत. डबा आता दुसऱ्या कशाला उघडावा लागत नाही.

आधी बातमी सांगतो, म्हणजे जरा हसशील. तुझा बाप कॉलेजात जातो. चोपन्नाव्या वर्षी, डबा आणि वही घेऊन. पुण्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेत मानसिक आरोग्याच्या समुपदेशनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मानसशास्त्र तर शिकवतातच, शिवाय आपला विश्वास त्यात कुठे उपयोगी पडतो आणि कुठे मध्ये कडमडतो, तेही शिकवतात. आपल्या भागातल्या पाळकांपैकी कुणीतरी हे शिकावं असं चर्चच्या वडीलजनांनी ठरवलं. बाकीच्यांना बायकामुलं आहेत, म्हणून माझं नाव पुढे आलं. एकट्या माणसाकडे वेळच वेळ असतो असं सगळे धरून चालतात, आणि ते काही खोटं नाही. तीन दिवस सकाळच्या एसटीनं स्वारगेट, संध्याकाळी परत. घरी येऊन सवयीनं अजूनही दोन भाकऱ्या थापल्या जातात. एक खातो, दुसरी सकाळी चहात बुडवतो.

वर्गात सगळी तेविशी-चोविशीची पोरं. मला अंकल म्हणतात. सुरुवातीला मला वाटलं, यांना काय कळणार. मी तीस वर्षं मयतीला गेलोय, मोडलेली लग्नं जुळवलीत, दारुडे सुधारलेत, निदान एक तरी. पहिल्याच आठवड्यात सराव म्हणून आम्हाला जोडीनं बसवलं. एकानं ऐकायचं, एकानं आपलं काहीतरी खरं सांगायचं. माझ्यासमोर प्रेरणा नावाची सोलापूरकडची मुलगी आली. तुझ्याहून लहान. मी मम्मीच्या आजारपणाचं सांगितलं. तिनं विचारलं, अंकल, आता घरी कोण असतं? मी म्हणालो, प्रभू असतो. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली रे. मग मी पंधरा मिनिटं प्रवचन दिलं आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातला मी.

आमच्या बाई सलोमी मॅडम. चाळिशीच्या असतील, आवाज कधी चढत नाही, पण लाल पेन भारी. कुणाशी बोलून आलो की ते बोलणं आठवून शब्दन् शब्द लिहून द्यायचं. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. पानावर तीन रकाने. समोरचा काय बोलला, मी काय बोललो, आणि तिसऱ्यात, त्या वेळी माझ्या आत काय चाललं होतं. माझा तिसरा रकाना कायम रिकामा असायचा. मॅडमनी दोनदा विचारलं, तेव्हा मी तिथे ‘शांती’ असं लिहून टाकलं. सगळ्या ओळींपुढे शांती. कॉपी करणाऱ्या पोरासारखं.

सरावासाठी मला वेल्हं मिळालं. नसरापूरला गाडी बदलून जावं लागतं. बाजाराच्या दिवशी तिथे आपल्या चर्चचा दवाखाना भरतो. औषधाच्या पलीकडचं काही दुखणं आहे असं डॉक्टरांना वाटलं, की ते माणसाला मागच्या खोलीत माझ्याकडे पाठवतात. ऑगस्टमध्ये एक बाई आल्या. नाव सांगत नाही, गुपित राखायचं असतं. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतल्या, शेतकरी घरातल्या. आदल्या पावसाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, लेक गेली होती, बारा वर्षांची. तेव्हापासून जेवण नाही, झोप नाही. मला पाद्रीबाबा म्हणायच्या. बोलता बोलता त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसल्या. अर्धं मिनिट झालं असेल, पण मला काही ते सोसेना. मी म्हणालो, बाई, आपण प्रार्थना करू. डोळे मिटले आणि देवाला सगळं नीट समजावून सांगितलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर त्या उभ्या. म्हणाल्या, “तुमचं झालं न्हवं? मग येते मी.” आणि गेल्या.

मला तर वाटलं, बरं झालं काम. अहवाल दिला. मॅडमनी तो परत दिला तेव्हा प्रार्थनेच्या ओळीखाली लाल रेघ होती आणि लिहिलं होतं, ‘इथे प्रार्थनेची गरज कुणाला होती?’ मला राग आला. सरळ त्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, ख्रिस्ती कॉलेज आहे ना हे? त्या म्हणाल्या, बसा. मग विचारलं, तुम्ही लोकांच्या घरी जाता तेव्हा प्रार्थना केव्हा करता? मी म्हणालो, निघताना. सगळे तसंच करतात, आमेन झालं की चपला घालायच्या. त्या म्हणाल्या, मग तुम्ही त्या बाईंना काय सांगितलंत? मी माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलं. त्या एवढंच म्हणाल्या, प्रभूनं आंधळ्यालासुद्धा आधी विचारलं होतं, तुला काय हवंय म्हणून. त्याला दिसत नव्हतं का? तरी विचारलं.

पुढच्या बाजाराला बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. त्या दोन आठवड्यांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्गात नेमका तोच धडा चालू होता, की समोरच्याच्या मनात जीव द्यायचं येतंय असं वाटलं तर सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. तो असला तर आधीपासून असतोच, विचारल्यानं त्याला वाचा फुटते. तीस वर्षं मी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. अभद्र बोलू नये म्हणून.

तिसऱ्या बाजाराला त्या आल्या. हातात नाचणीच्या पिठाची पिशवी, माझ्यासाठी. मी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, बाई, जीव द्यावा असं मनात येतं का? त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “आजवर कुनी इचारलंच न्हाई,” म्हणाल्या. “व्हय. हिरीपाशी गेलं की रोज येतंय. म्या घरात कुनाला सांगितलं न्हाई.” मग तासभर बोलल्या. मी जवळजवळ काहीच बोललो नाही. माझ्यासारख्याला किती अवघड गेलं असेल ते तुला सांगायला नको. जिवाशी गाठ असली की गुपित राखायचं नसतं, म्हणून त्यांना सांगूनच डॉक्टरांना आत बोलावलं. औषध सुरू झालं, त्यांची बहीण येऊन सोबतीला राहिली. त्या दिवशी निघताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “आता तुमचं ते म्हना की. माज्या लेकीचं नाव घ्या त्यात.” मी दोन ओळींची प्रार्थना केली. आयुष्यातली सगळ्यात आखूड. बाई अजून दर बाजाराला येतात.

त्या अहवालाचा तिसरा रकाना मी पहिल्यांदा खरा भरला. लिहिलं, ‘भीती’. मॅडमनी लाल पेन लावलं नाही. पण म्हणाल्या, आता आणखी एक अहवाल लिहा, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं एखादं बोलणं, जे मध्येच तुटलं. कुणाचं ते त्यांनी विचारलं नाही. मी एसटीत बसलो तेव्हाच मला कळलं होतं कुणाचं ते. तरी तीन आठवडे चालढकल केली. चर्चच्या खिडक्यासुद्धा रंगवून काढल्या.

सत्त्याण्णवचा मे महिना. दुपार. मी जेवणाच्या टेबलावर रविवारचं प्रवचन लिहीत होतो. तू अचानक पुण्याच्या वसतिगृहावरून आलास आणि दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसलास. परवा समोरच्या अय्युबभाईंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, त्या दिवशी तू आधी त्यांच्या दुकानात येऊन तासभर बाकावर बसला होतास. ते लग्नाचे कपडे शिवत होते, मशीन थांबवता येईना. तुला विचारलं, “जेवलास का रं?” तू हो म्हणालास. भाई म्हणतात, “पाळकसाहेब, पोरगं तुमच्या दाराकडं बघत बसलं व्हतं.” दरवर्षी डिसेंबरात ते विचारतात इंद्रजित कवा येतोय, आणि मी सांगतो, सुट्टी नाही. भाई मान हलवतात. त्यांना खोटं कळतं.

तू आलास तेव्हा अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. मे महिन्यात. दोन्ही मनगटांवर बटणं लावलेली. मी पाण्याचा तांब्या दिला तो तू उजव्या हातानं घेतलास आणि डाव्या मनगटावरच्या खुणा झाकायला बाही खाली ओढलीस. मी ते पाहिलं. इंद्रजित, मी ते पाहिलं होतं. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की काही दिसलं नव्हतं. तू म्हणालास, “पप्पा, मला एक सांगायचंय. रागवू नका.” मी म्हणालो, “आधी प्रार्थना करू.” आणि तुझ्या परीक्षेसाठी, वाईट संगतीपासून रक्षणासाठी, चांगल्या वळणासाठी लांबलचक प्रार्थना केली. डोळे मिटले ते देवासाठी मिटले नव्हते. मला बघायचं नव्हतं, म्हणून मिटले होते. आमेन झालं आणि तू उठलास. “येतो मी, पप्पा,” म्हणालास. आमेननंतर उठायचं, हे तुला मीच लहानपणी शिकवलं होतं.

महिन्याभरानं वसतिगृहाचं पत्र आलं, मुलगा सोडून गेला म्हणून. मी लोकांना सांगितलं नोकरी लागली. आणि बापाला सोडून गेलेल्या मुलावर मी तीनदा प्रवचन केलं, नाव न घेता. लोक रडले. त्याबद्दल मला माफ कर. दुसऱ्या कशाबद्दल माफी मागायची हे मला माहीतच नाही, कारण तुला काय सांगायचं होतं ते मी ऐकलं नाही. मम्मी असती तर तिनं मला टेबलावरून उठवलं असतं आणि तुझ्या शेजारी बसली असती. घर फार गप्प आहे रे. बोलणाऱ्या माणसाला ते जड जातं.

आता पाकीट जाड का, ते सांगतो. सोबतचं पान म्हणजे तो अहवाल. मॅडमना मी अजून दिलेला नाही, कारण तो अर्धा तुझा आहे. पहिल्या रकान्यात तुझी दोन वाक्यं आहेत. दुसऱ्यात मी प्रार्थना लिहिली होती, ती खोडली, आणि तिथे लिहिलंय, ‘इंद्रजित, तू जीव द्यायचा विचार करतोस का? की दुसरं काही आहे? सांग.’ हे तेव्हा विचारायचं होतं, सहा वर्षं उशिरा विचारतोय. तिसऱ्यात ‘भीती’. त्याखाली पान कोरं सोडलंय, तुझ्यासाठी. भरून पाठव, नाहीतर कोरंच पाठव. कोरं आलं तर मी समजेन की अजून बोलायचं नाही, आणि खुर्ची ओढून बसून राहीन. ये म्हणशील त्या दिवशी वापीची गाडी पकडेन, तिथेही नुसता बसेन. माझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी आमेन असतं, तुला माहीत आहे. या वेळी लिहीत नाही. तू अजून त्या खुर्चीतून उठलेला नाहीस, असं मी धरून चाललोय.

तुझाच,
पप्पा