पोटभर हवा

प्रिय झेना,

फोनवर मला बोलता येत नाही. दोन वाक्यांत दम लागतो आणि तिसरं सुरू व्हायच्या आत तू "पप्पा, नंतर करते" म्हणून ठेवून देतेस. कागदावर दम लागत नाही, आणि तुला मध्येच ठेवताही येत नाही, म्हणून हा उपद्व्याप. अक्षराला हसू नकोस, जन्मभर खाणीत पहार धरलेला हात आहे.

इथे वर, विरळ हवेच्या डोंगरावर, सगळं नेहमीसारखंच. दुपारी गारा, संध्याकाळी बादलीतलं पाणी गोठतं. तुझी आई बटाट्याचं सूप करते आणि मी अर्धी वाटी टाकली की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते. तू लिमाहून पाठवलेले आंबे मिळाले. गेल्या महिन्यातलं स्वेटरही मिळालं. सामान येतं, तू येत नाहीस. तुझ्या भावाशी, रोमुलोशी, मी बरेच दिवस बोलत नव्हतो. मृतांच्या सणाला भरल्या ताटावर त्याने जे तोंड सोडलं, ते मी विसरलेलो नाही. "पप्पांना आजाराने नाही, तुझ्या मायेने जाळलं!" सगळ्यांदेखत म्हणाला मूर्ख. तू हातातली सणाची पावाची बाहुली ताटात ठेवलीस, शाल उचललीस आणि तशीच बस धरलीस. त्यानंतर तुझं तोंड दिसलेलं नाही.

मला काही कळलं नव्हतं असं तुला वाटत असेल. मला तुझ्या आधीच कळलं होतं. साथीच्या वर्षी मला खाली लिमाला तुझ्या घरी नेलं, तेव्हा मी तापाने फणफणत होतो, पण बहिरा नव्हतो. ऑक्सिजनचं सिलिंडर भरायच्या रांगेत तू ते धूड शालीने मनगटाला बांधून फुटपाथवर झोपत होतीस, हे मला शेजारणीने सांगितलं. गल्लीतला तो परिचारक आबिलियो येऊन बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा आणि बजावायचा, "ताई, आकडा ब्याण्णवपर्यंत आला की बास. चावी बारीक करा, जास्तीचा ऑक्सिजनही बाधतो." त्यावर तू कशी उसळलीस! "तुझ्या बापाला ठेव ब्याण्णववर! माझे पप्पा जन्मभर त्या डोंगरावर अर्धपोटी हवा खाऊन जगले. आता पोटभर खातील." आणि चावी शेवटपर्यंत फिरवलीस. आकडा शंभरावर गेला तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास, जणू मी शाळेत पहिला आलो होतो. हे फक्त आपल्या वरच्या लेकीलाच सुचावं. खालच्या लोकांना हवेची भूक कसली ठाऊक? खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. आबिलियो बिचारा पुन्हा आला नाही.

पुढे काही दिवसांनी माझ्या छातीच्या हाडामागे मिरची लागल्यासारखी आग सुरू झाली. कोरडा खोकला थांबेना, आकडा घसरायला लागला. तुला वाटलं आजार चढतोय. तू मास्क आणखी आवळलास आणि चावीला कोणाला हात लावू दिला नाहीस. आणि मग इस्पितळ.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि रोमुलोला शेजारी बसवून समजावलं. फुप्फुसात हवेच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात, त्यांना आतून पेशींचं अगदी पातळ अस्तर. निव्वळ ऑक्सिजनचा मारा दिवसचे दिवस होत राहिला की त्या पेशीच जळतात, मरतात, पिशव्यांत पाणी पाझरतं, आणि बरं होताना तिथे चिवट व्रण राहतो. ज्या हवेने लोखंड गंजतं तीच ही. माझं किती आजाराने नासलं आणि किती हवेने, ते आता देवालाही वेगळं काढता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या. रोमुलोने पहिलं ऐकलं, हे ऐकलंच नाही. तुला यातलं काही सांगायचं नाही म्हणून मी त्याला आईची शपथ घातली होती, तीही त्याने मोडली.

मला राग आला होता का? आला होता, खोटं कशाला बोलू. इथे परत आल्यावर बुटाची नाडी बांधताना धाप लागली तेव्हा तुझं नाव घेऊन मी शिवी दिली आणि नंतर रडलो. पण तुझ्याच गल्लीतले म्हातारे एउसेबियो सिलिंडरची वाट बघता बघता गेले. तू नसतीस तर मी त्यांच्याआधी गेलो असतो. राग कधीच विरला, पोरी. तुझी आठवण मात्र रोज छळते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दवाखान्यातली बाई मागच्या आठवड्यात घरी येऊन गेली. मी फार दिवसांचा नाही. इस्पितळात जाणार नाही, असं मी सांगून टाकलंय. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आहे, बारीक सुरू असतं. ती म्हणाली, शेवटी ते कितीही वाढवलं तरी श्वास पुरणार नाही, जळजळ तेवढी वाढेल. थोडी हवा आणि धाप शमवायच्या औषधाचे थेंब, बस. पण माझी घरघर सुरू झाली की तुझी आई घाबरून चावी शेवटपर्यंत फिरवणार, आणि रोमुलो तिच्याही आधी. दुसऱ्याला बोलणं सोपं असतं. सगळे "अजून वाढव, अजून वाढव" म्हणून ओरडत असताना त्या चावीवर हात ठेवून "नाही" म्हणेल असं आपल्या घरात एकच माणूस आहे. झेना, तो हात तुझाच हवा; तेव्हाही तू चावीला कोणाला हात लावू दिला नव्हतास. दुसऱ्या कोणाच्या हाती मी स्वतःला देणार नाही. लवकर ये.

तुझाच, अजून तुझी वाट बघणारा,
पप्पा