खाऱ्या पाण्याची बरणी

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त कंपाउंडर, राहणार याच घरात, आज सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून आणि डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव फक्त बरणीतल्या कोबीवर आहे, तोही दगडाचा.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला व सूनबाईंना मिळावी. दोघांनी माझं सगळं प्रेमानं केलं. मुलगा स्वयंपाकघरात अजूनही नाक दाबून येतो, पण मुळ्याच्या आंबवलेल्या फोडी सगळ्यांत आधी त्याच्याच ताटातून संपतात. खिडकीची जाळी तेवढी बदलून घ्यावी. मी चार वर्षं ‘उद्या करतो’ म्हणत आलो.

कलम २. औषधं जोखायचा तराजू, लाकडी किसणी आणि भाजीवर ठेवायचा गुळगुळीत दगड वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना द्यावा. किलोभर भाजीला पंचवीस ग्रॅम मीठ आणि भाजी सतत पाण्याखाली, हे त्यांना तोंडपाठ आहे. एके काळी याच वासावरून त्यांनी माझ्याविरुद्ध सोसायटीत अर्ज दिला होता. पुढे अर्ज मागे घेतला आणि वाटी पुढे केली. तो अर्ज मी जपून ठेवला आहे, तोही त्यांनाच द्यावा.

कलम ३. मोठी बरणी. ही माझ्या पत्नीची. तिनं घातलेल्या शेवटच्या गाजरांचं खारं पाणी मी टाकलं नाही. दर नव्या खेपेला त्यातलं वाटीभर घालत आलो, म्हणजे तिच्या हातचं थोडं तरी पुढे येत राहील.

नऊ वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी पाच दिवस दवाखान्यात होतो. माझी धाकटी बहीण, जिला सगळे ठकी म्हणतात, घर सांभाळायला आली. बरणीत गढूळ पाणी, वर पांढरा थर, आंबट वास. तिला वाटलं, सडलं. तिनं सगळं मोरीत ओतलं आणि बरणी साबणानं घासून उन्हात ठेवली. मी घरी आल्यावर कौतुकानं म्हणाली, "दादा, बघ कशी लखलखीत केली!"

मी तिला नको नको ते बोललो. "वहिनीला दुसऱ्यांदा मारलंस," असंही बोललो. ती पिशवी उचलून गेली. तेव्हापासून अबोला.

आता कबुली. महिन्याभरात घड्याळवाल्यांनी कधीतरी नेलेली छोटी बरणी परत आणली. तळाला जुनं पाणी होतं. त्यात नवी गाजरं घातली, चौथ्या दिवशी बुडबुडे आले. चव तीच. काहीच गेलं नव्हतं, आणि हे मी ठकीला कळवलं नाही. तिनं आधी यावं म्हणून अडून बसलो. खरं तर चूक माझी होती. जन्मभर दवाखान्यातल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, घरच्या बरणीवर कधी नाही. तिला कळणार कसं?

मोठी बरणी, पाण्यासकट, ठकीला द्यावी. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. ते आजपासून लागू.

सह्यांपूर्वीची पुरवणी. घड्याळवाल्यांनी कलम तीन वाचून पेन खाली ठेवलं. "आधी तिला फोन लावा, मग सही करतो." लावला. वरचं सगळं वाचून दाखवलं. ठकी म्हणाली, "नऊ वर्षं, दादा? मी नऊ वर्षं स्वतःला कोसत होते!"

मी माफी मागितली. तिनं नाक ओढलं.

"गाजरं आहेत का घरात, की येताना आणू?"

आण, म्हणालो. बरणीवर आत्ताच चिठ्ठी चिकटवली आहे: ‘ठकीची. ओतू नये.’

सही: कंपाउंडर
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले २. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: ९ मार्च २०२६, सोमवार. ठकी रविवारी येते आहे.