पहाऱ्याचा आशीर्वाद

प्रिय चिमणे,

पाकीट हातात घेतलंस तेव्हा कडेनं ओघळून वाळलेली खळ दिसली असेल. ताईचा हात बिघडला असं समजू नकोस, माझा हात ठणठणीत आहे. ती अशी का लागली ते शेवटी सांगते. तू सरळ शेवटाकडेच उडी मारणार हे मला ठाऊक आहे, पण या एका वेळी क्रमानं वाच.

आधी बातमी. बाबांची नजर फार अधू झाली आहे. अजूनही सकाळी पुस्तकबांधणीच्या टेबलाशी येऊन बसतात, हाडाची पट्टी घेऊन चाचपत कागदाला घड्या घालतात, आणि घडी माझ्यापेक्षा सरळ येते. उरलंसुरलं दिसतंय तेही वर्षभरात जाईल असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रोज विचारतात, चिमणीचं काही आलं का. मी नाही म्हणते. मग त्यांचं ठरलेलं, सात वर्षं झाली, एवढी कसली रागावली पोर. तुझा चेहरा ओळखू येतोय तोवर तू एकदा यावंस, एवढंच त्यांना हवंय.

गेल्या महिन्यात हिब्रू शिकवणारे एक निवृत्त मास्तर आपलं जुनं बायबल बांधायला घेऊन आले. पाठ निखळलेली, शिवण कुजलेली. देऊन जावं की नाही? रोज येऊन स्टुलावर बसायचे. माझ्या मनात पाल चुकचुकली, हा माणूस पानं मोजायला येतो की काय? तुला माझा स्वभाव माहीत आहे. कागदवाला रिमामागे चार ताव कमी देतो, शेजारीण भिंतीला कान लावते, कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसायचं. शेवटी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, बाई, घरी बोलायला कुणी नाही हो. मी ओशाळले आणि चहा टाकला.

चहा पिताना मी त्यांना आईच्या आशीर्वादाबद्दल विचारलं. आपण एकमेकींच्या नजरेआड असू तेव्हा परमेश्वर तुझ्यामाझ्यामध्ये पहारा ठेवो. आई आपल्याला शाळेत धाडताना म्हणायची तो. तू गेल्यापासून मी तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली तोच लिहिला. मला वाटलं मास्तर कौतुक करतील. त्यांनी पान काढलं, उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं आणि विचारलं, हे कोण कुणाला म्हणालं, माहीत आहे?

सासरा जावयाला म्हणाला, चिमणे. वीस वर्षं दोघं एकमेकांना फसवत आलेले. जावई बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन न सांगता निघाला, सासऱ्यानं पाठलाग करून गाठला आणि तंबू तंबू धुंडाळून झडती घेतली. मग दोघांनी दगडांचा ढीग रचला. ठरलं असं, वाईट हेतूनं हा ढीग ओलांडून मी तुझ्याकडे येणार नाही, तू माझ्याकडे यायचं नाहीस. मूळ हिब्रू शब्द टेहळणीचा आहे म्हणे, बुरुजावरच्या पहारेकऱ्याचा. म्हणजे, तुझा मला भरवसा नाही आणि माझे डोळे तिथवर पोचत नाहीत, तेव्हा देवानंच लक्ष ठेवावं. मास्तर हसून म्हणाले, लोक हे प्रेमानं लॉकेटवर कोरून घेतात. मग म्हणाले, पण त्याच ढिगापाशी ते जेवायलाही बसले, तेही विसरू नका.

दोन दिवस मी मास्तरांवर चिडून होते. आपलं पांडित्य मिरवायला माणूस आईच्या शब्दांत खोट काढतो, असं वाटलं. आईच्या मनात काही नव्हतं, तिनं मायेनंच म्हटलं. पण माझ्या हातून इतकी वर्षं जे लिहिलं गेलं ते मात्र त्या सासऱ्याचंच होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

वह्या शिवायचं मशीन आणण्यावरून बाबांशी भांडून तू गेलीस, आणि दोन वर्षं त्यांना पत्रं लिहीत राहिलीस. ते अढी धरून उत्तर देत नव्हते, पण पत्रं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत होते. त्यातलं प्रत्येक पाकीट त्यांच्याआधी मी उघडलं. ओल्या फडक्यानं डिंक सैल करायचा, हाडाच्या पट्टीनं कड उचलायची, आणि वाचून झाल्यावर चिकटवायला आपली खळ. तू परत यायचं म्हणतेस का, एवढंच मला बघायचं असे. बाबांचा जीव तुझ्यावर, हातही तुझाच गुणाचा. तू आलीस की मी खळ ढवळण्यापुरती उरेन, ही भीती मला खाऊन टाकत होती.

परवा बाबांनी तो डबा मागितला. एकेक पाकीट घेऊन चिकटवलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, हा डिंक नाही, ही आपली खळ आहे. पन्नास वर्षं खळ शिजवलेला अंगठा तो! बाजारचा डिंक आणण्याची युक्ती मला एकदाही सुचली नव्हती. म्हणाले, मला तेव्हाच कळलं होतं, म्हटलं वाचू दे, बहीणच आहे. पण सगळी दिलीस ना गं?

नव्हती दिली. तुझं शेवटचं पत्र, बाबांनी नुसतं ये म्हटलं तरी येते, उत्तर आलं नाही तर समजेन आणि पुन्हा त्यांना लिहिणार नाही, असं लिहिलेलं, ते मी एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर, अस्तराखाली चिकटवून टाकलं होतं. काल अस्तर फाडलं आणि त्यांना वाचून दाखवलं. बाबा रडले. आज सकाळी म्हणाले, लिही तिला. पाकीट मात्र मी चिकटवणार, आणि पेटीत टाकेपर्यंत तुझ्याबरोबर येणार, तुझा भरवसा नाही. समोर खळीची वाटी घेऊन बसलेत, माझं लिहून व्हायची वाट बघताहेत. नीट दिसत नाही, त्यामुळे खळ ओघळणारच. मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते. भांडायला ये, मला चार शब्द सुनवायला ये, मग आपण तिघं एका टेबलाशी जेवायला बसू. या वेळी खाली तो आशीर्वाद लिहीत नाही. पाच वर्षं अडकलेलं बाबांचं उत्तर तेवढं लिहिते, त्यांनी सांगितलं तसं, एका शब्दात. ये.

तुझीच,
जिच्यावर पहारा हवा होता ती
ताई