डबरीकडे जाऊ नका

नंदिनी नगर,
शुक्रवार दुपार

प्रिय नूतन,

फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू 'राहू दे ना ताई' म्हणाली असतीस आणि मीही राहू दिलं असतं. म्हणून लिहायला बसले. तुझ्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, पानं उलटायला नर्सला बोलाव. पण वाच मात्र तूच, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

बाबा बरे आहेत. खोकला कमी आहे, दोन पोळ्या खातात, दम्याचा पंप ओढायला कुरकुर करतात. सकाळी चहाच्या टपरीवर जाऊन बसतात आणि जो येईल त्याला सांगतात, "माही पोट्टी धुरातून सात बाया घेऊन आली." परवा तर टँकरवाल्यालाही थांबवून सांगत होते, इकडे आपल्या ओळीतल्या बाया रिकामे ड्रम घेऊन ताटकळलेल्या. मी बादली धरून तिथेच उभी होते. त्यांना स्वतःला आगीच्या दिवशी स्कूटीवर घालून शाळेच्या मैदानात कोणी नेलं, हे ते कोणालाच सांगत नाहीत. एव्हाना वाईट वाटू नये इतकी सवय मला व्हायला हवी होती, पण होत नाही ती.

तुला वाटत असेल ताई समजूतदार आहे. आई गेली तेव्हा मी सोळाची होते आणि तू दहाची. तुझ्या वेण्या मी घातल्या, डबे मी भरले, लोक म्हणायचे दुसरी आईच आहे. पण तुला एक गोष्ट माहीत नाही. फॉरेस्ट गार्डचा फॉर्म आपल्या घरात पहिल्यांदा मी भरला होता. लेखी परीक्षा पासही झाले होते. धावण्याच्या चाचणीचं पत्र आलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तू गेली तं घर कोन पाहीन?" मी पत्र ट्रंकेत ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. सहा वर्षांनी तेच बाबा पहाटे साडेचारला तुला मैदानावर नेत होते, हातात घड्याळ घेऊन वेळ मोजत होते. तुझ्यासाठी रोज हरभरे मीच भिजत घालायची. तू खाकी घालून पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा मी तुझी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या ओवाळताना माझ्या मनात काय चाललं होतं, ते आता लिहवत नाही.

म्हणून यंदा तुझी बदली इथल्याच बीटवर झाली, तेव्हा मला आनंद झाला नाही. पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही, होळीच्या आतच हातपंप आटले, खदानीमागचं गवत कागदासारखं वाळून गेलं. लोक टँकरच्या चिंतेत होते आणि तू आगीची चिंता करत घरोघर फिरत होतीस. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवू नका, झाडून एका बाजूला ओढा. घरांच्या मागचं गवत कापा. वस्ती आणि जंगल यांच्यामध्ये मोकळा पट्टा काढा. तू स्वतः ब्लोअर पाठीला बांधून पाला उडवत चालायचीस आणि मागून सगळी वस्ती खराटे घेऊन. पंधरा वर्षं मी इथे शिवणाचा क्लास चालवते. एवढ्या वर्षांत ज्या बायांनी माझं एक ऐकलं नाही, कात्री जागेवर ठेवा एवढंसुद्धा नाही, त्या तुझ्या एका शब्दावर उन्हात खराटे मारत होत्या. बाबा खुर्ची टाकून बघत बसायचे. मी त्यांना ताक नेऊन द्यायची, तर ते तुझ्यावरची नजर न काढता पेला घ्यायचे.

मग तो गुरुवार. तू घाईत होतीस, बाहेर जीप उभी होती. अंगणातूनच म्हणालीस, "ताई, बायांले सांगजो, आग लागली तं डबरीकडं नका जाऊ म्हणून. तळं आटलं हाय, पाणी नाही तिथं, बेशरमची झाडं वाळून खडंग झाली हायेत, पुरी डबरी एका काडीनं पेटन. शाळेच्या मैदानात यायचं. तुह्या क्लासमधून साऱ्या वस्तीले समजते." मी हो म्हटलं. तू गेलीस, आणि बाबा म्हणाले, "पाह्य, कसा इचार करते ते. तुले सुचलं असतं का हे?"

त्या दुपारी क्लासला चौदा जणी होत्या. मैनाबाई हुक लावत बसल्या होत्या, त्यांना दिसत नव्हतं म्हणून सुई मीच ओवून दिली. जिभेवर आलं होतं. मनात म्हटलं, इथे तरी हिचा निरोप कशाला, हा क्लास माझा आहे. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही नाही सांगितलं. शनिवारी एकीने विचारलं, नूतनताई काही म्हणाल्या का, तर मी म्हटलं, "तिचं रोजचंच हाय, काही नवीन नाही." मग रविवारची सुट्टी, सोमवारी रंगपंचमीची गडबड, आणि मंगळवारी दुपारी दीड वाजता खदानीच्या बाजूने धूर दिसला.

वारा वस्तीकडे होता. तुझ्या पट्ट्याने आग बराच वेळ अडवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण ठिणग्या उडून पलीकडे पडत होत्या. बाबांना धाप लागली होती. मी त्यांना स्कूटीवर बसवलं आणि सरळ शाळेकडे वळले. क्षणभरही विचार करावा लागला नाही, नूतन. मला माहीत होतं कुठे जायचं. वळणावर मैनाबाई दिसल्या, सून टीना त्यांचा हात धरून होती, मागे आणखी पाच जणी. त्या डबरीच्या रस्त्याला लागल्या होत्या. जन्मभर जिथे पाणी पाहिलं तिकडेच माणूस पळणार. मी ओरडले, "इकडं या." त्यांना ऐकू गेलं असेल, नसेल. बाबा मागून म्हणत होते, "चाल, चाल." मी गाडी थांबवली नाही.

मैदानात पोचल्यावर तू माणसं मोजलीस. "मैनाबाई कुठी हाय?" असं तू मलाच विचारलंस, आणि मी डबरीकडे बोट दाखवलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. ओलं पोतं डोक्यावर घेऊन तू निघालीस आणि सातही जणींना घेऊन आलीस. चौथ्या दिवशी मैनाबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, धूर छातीत उतरला होता.

बुधवारी तेरवी झाली. तिथे राहुल, मैनाबाईंचा मुलगा, सगळ्यांसमोर म्हणाला की गार्डबाईने झाडू मारायला लावला, पण पळायचं कुठं ते सांगितलंच नाही.  मी तिथेच होते, बुंदी वाढत राहिले. त्यानेच तुझ्याविरुद्ध अर्ज केला आहे. तुझे साहेब दवाखान्यात येऊन विचारून गेले, आणि तू म्हणालीस की सांगायचं राहून गेलं, चूक माझी. बाबा तेव्हा तुझ्या उशाशी होते. घरी येऊन जेवले नाहीत. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "खोटं बोलून राहिली ते. कोणासाठी बोलून राहिली, तुले मालूम हाय का सुजाता?" मी ताट उचलून आत गेले.

खरं सांगते, ते ऐकून पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं नाही. तुझाच राग आला. वाटलं, हिला हेही जमतं. नोकरी पणाला लावून बहिणीला झाकणं, तेही न बोलता, न मागता. बाबांना कळलं तर ते तुला आणखी एक पायरी वर चढवतील आणि मी तिथेच खाली, झाकलेली.

आज सकाळी मी टीनाकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. राहुल अंगणात उभा होता, तो म्हणाला, "हे साहेबासमोर बोलाल का?" मी हो म्हटलं. तिथूनच तुझ्या ऑफिसात गेले आणि गुरुवारपासून मंगळवारपर्यंतचं सगळं लिहून, सही करून दिलं. मग बाबांना सांगितलं. ते ऐकल्यावर ते आज टपरीवर गेले नाहीत. सोमवारी चौकशी आहे, मलाही बोलावलं आहे. तुला ओळखते म्हणून हे पत्र. तू तिथे म्हणशील की ताई मला वाचवायला खोटं बोलते आहे, आणि लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील, कारण तुझ्यावर सगळेच ठेवतात. तसं करू नकोस. आयुष्यभर जे जे मला हवं होतं ते तुझ्याकडे गेलं, आणि त्यात तुझा काही दोष नव्हता. पण ही चूक माझी आहे, नूतन. ही तरी तू घेऊ नकोस.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
सुजाताताई