समुद्राचा हौद

५ फेब्रुवारी, सोमवार
उपटून टाकले! सगळे! हिवाळ्यात समुद्रात पोहणाऱ्यांच्या क्लबची वेबसाइट — तिथे पानावरच्या प्रत्येक आडव्या पट्ट्याच्या आत एकेक नुसता डबा. रॅपर म्हणे! ना स्वतःचा रंग, ना चित्र. आमच्या ऑफिसातली सिसेल घालून ठेवते असले. मी म्हटलं, "हे कशाला? रुंदीची मर्यादा थेट पट्ट्यालाच देऊ की." म्हणाली, "दे. मी अडवणार नाही." आणि हसली. ते हसू बघून माणूस काहीही करेल. सगळे रॅपर काढले, साइट लाइव्ह केली.

६ फेब्रुवारी
क्लबच्या अध्यक्षांचा फोन. बोडिलने — मालकीणबाईंनी — मुद्दाम स्पीकरवर टाकला. "आमचा समुद्र कुठे गेला? हौद केलाय त्याचा!"
खरंच. या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरायचा निळा पट्टा मधोमध आक्रसून बसलेला, दोन्ही बाजूंना पांढरं फटक. मर्यादा हवी होती मजकुराला. मी घातली समुद्राला!
"केक," बोडिल म्हणाली. इथला कायदा — ज्याची चूक, त्याचा केक. "आणि घरी केलेला हं. कॉलेजातून पळालास, तसा यातून पळू नकोस."
कान तापले. कॉलेज मी सोडलं. पळालो नाही!

८ फेब्रुवारी
सफरचंदाचा केला. फुगायचा सोडून मधे बसला. तरी सगळ्यांनी खाल्ला, सिसेलने दोनदा. मग खुर्ची ओढून शेजारी आली. "बघ. बाहेरचा पट्टा पसरू दे त्याला हवा तेवढा. आत रॅपर. त्याला सांगायचं — जास्तीत जास्त इतका रुंद हो, आणि डावी-उजवी जागा सारखी सोड. बस. त्याने दिसायचं नसतं, धरून ठेवायचं असतं."
सायकलवरून भिजून आली होती. स्वेटरला ओल्या लोकरीचा वास. मी म्हटलं, समजलं. निम्मं ऐकलंच नव्हतं.

९ फेब्रुवारी
तिने तिच्या डब्यातला हेरिंग मासा लावलेला काळा पाव अर्धा दिला. मला हेरिंग आवडत नाही. आवडलं.

१३ फेब्रुवारी
नॉर्वेतलं बर्गन!! तिथल्या कंपनीला सिसेलने नाताळातच हो कळवलंय. मार्चपासून जाणार. आणि मला कळतंय आज, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांबरोबर!
"जा की मग! इथे कोणाचं अडलंय तुझ्यावाचून!" असं म्हणालो. मीच. ताट तसंच टाकून उठलो आणि उलट्या वाऱ्यात बंदरापर्यंत सायकल हाणली.
गाढव. गाढव!

१५ फेब्रुवारी
दोन दिवस रागात काम केलं. रॅपर नव्याने घातले — आणि जरा जास्तच. रॅपरमध्ये रॅपर, त्यात आणखी एक. प्रत्येकाला कडेने जागा सोडलेली. मोठ्या पडद्यावर झकास दिसत होतं.
अध्यक्षांनी आज धक्क्यावर उभं राहून मोबाइलवर पाण्याचं तापमान बघितलं. तिन्ही रॅपरांनी कडेने जागा खाल्लेली, मधे मजकूर शेवयांसारखा उभा. एका ओळीत एक शब्द!
"समुद्र परत मिळाला," ते फोनवर म्हणाले, "पण आता अक्षरं बुडाली."
बोडिल: "दुसरा केक. तू बेकरीच काढ ना!"
सिसेल रागावेल वाटलं होतं. नाही रागावली. "इतकं आवळायचं नसतं रे," म्हणाली. "एक पुरतो."

१६ फेब्रुवारी
दोन काढले, एक ठेवला. मोबाइलवर बघितलं — अक्षरं आरामात श्वास घेतायत.
मग केक घेऊन तिच्या टेबलाशी गेलो. वाक्य पाठ केलं होतं, ऐन वेळी विसरलो. म्हटलं, "त्या दिवशी बोललो ते उलटं होतं. तू गेलीस की मला इथे करमणार नाही. पण तू जा. मी अडवणार नाही."
ती पडद्याकडेच बघत राहिली. "सफरचंदाचाच केलायस?"
"हो."
"बरं."
बरं! एवढंच! माणसाने आतडी काढून ठेवावीत आणि समोरून — बरं!

२० फेब्रुवारी
बोलणं नाही. पण माझं काम तपासून खाली तिने लिहिलंय — छान. दहा वेळा वाचलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी टेबलावर केक. सफरचंदाचा, मधे बसलेला — थेट माझ्या केकसारखा. मी दचकलोच. या आठवड्यात मी काहीच बिघडवलं नाही, शपथ!
बोडिलने चष्मा कपाळावर चढवला. "कोणाचा हा?"
"माझा," सिसेल म्हणाली.
"तुझा? तुझं कधी काय चुकलं?"
"बर्गनला हो म्हणाले होते."
आणि सुरी माझ्या हातात दिली.